भात सोडलास तेव्हाच कळायला हवं होतं

उज्ज्वला,

शोकसभेला तुझा जो फोटो ठेवला होता तो कोणी निवडला, हे मी अजून शोधते आहे. त्यात तू हसतेस. नुसती हसत नाहीस, कॅमेऱ्याकडे बघून हसतेस. इतकी वर्षं आपण एका स्टाफरूममध्ये समोरासमोर बसलो, पण तुला कॅमेऱ्याकडे बघताना मी कधी पाहिलं नाही. गॅदरिंगच्या प्रत्येक ग्रुप फोटोत तू बाजूला कुठल्या तरी पोराची कॉलर सरळ करत असतेस. म्हणजे हा फोटो मुद्दाम काढून घेतलेला आहे. स्टुडिओत जाऊन, इस्त्रीची साडी नेसून. हार घातल्यावरही चेहरा झाकला जाणार नाही एवढी जागा खाली बरोबर सोडलेली. मोठ्या बाई भाषण करत होत्या, आपल्या नाटकाच्या वर्गाबद्दल 'उपक्रमशील' वगैरे बोलत होत्या, आणि मी त्या खालच्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. शाळेत सगळे 'अचानक गेली, अचानक गेली' म्हणत होते. तू गावाला घराचं काम काढलंय म्हणून रजा टाकलीस आणि मग तू गेल्याचा फोन आला, एवढंच आम्हाला माहीत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नायगावला तुझ्या घरी आले, बुद्धवंदना झाली, लोक पांगले, तेव्हा मी सुभाषभाऊजींना गॅलरीत गाठलं.

"भाऊजी, तिला आधीपासून माहीत होतं का?"

"होतं ना. गणपतीच्या आधीपासून. पोटात गाठ होती, पसरलेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं." मग तुझ्या नवऱ्याने अगदी भाबडेपणाने मलाच विचारलं, "म्हणजे, तुम्हाला नव्हतं माहीत?"

मी कप खाली ठेवला आणि चप्पल शोधायला लागले.

तर मला एकच विचारायचं आहे. बाकी तुझं सगळं चांगलंच होतं, ते मोठ्या बाई सांगून गेल्या. गणपतीपासून होळीपर्यंत आपण रोज एका टेबलावर डबा खाल्ला. दर शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एकत्र बसलो. या सगळ्यात तू मला ताकास तूर लागू दिली नाहीस. का? माझ्यावर विश्वास नव्हता? का मी तुझी मैत्रीण नव्हतेच, नुसतीच स्टाफरूममधली शेजारीण होते? हे मला कळायला हवं आहे, आणि ते कळल्याशिवाय मी तुझ्यासाठी नीट रडणार नाही.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. आई माझ्याकडे, तिच्या पोरीकडे, बघून मालवणीत म्हणायची, "ह्या चेडवाक देव भेटलो तरी ह्या तेचा रेशनकार्ड मागतला." भाजीवाल्याने जास्तीची कोथिंबीर दिली तर मी ती उलटून बघते. गणित शिकवणारीने असंच असावं असं माझं मत आहे. सिद्ध करून दाखव, मग पुढे. तुझ्या नाटकाच्या वर्गात मी पहिल्यांदा आले तीही याच रोगाने. वरून आवाज येत नव्हता म्हणून. शनिवारी शाळा सुटल्यावर नववीची मुलं एका हॉलमध्ये कोंडलेली आणि आवाज नाही? काहीतरी भानगड आहे, म्हणून मी जिना चढले.

वर बघते तर अर्ध्या वर्गाच्या डोळ्यांवर ओढण्या, रुमाल बांधलेले. उरलेला अर्धा वर्ग त्यांना एका बोटाला धरून बाकांच्या ढिगाऱ्यातून फिरवतोय. कोणी बोलत नाही. मी दारातूनच ओरडले, "हे काय चाललंय?"

"विश्वासाचा खेळ," तू म्हणालीस.

"मुलींचे पालक आले की त्यांना समजाव विश्वास."

तू हसत एक ओढणी माझ्यासमोर धरलीस. मी म्हटलं, मी मेले तरी डोळे बांधून घेणार नाही. तू क्षणभर माझ्याकडे बघत राहिलीस, दुकानात एखादी वस्तू अचानक आवडावी तसं, आणि म्हणालीस, "नको बांधूस. तू उघडेच ठेव. मला कधीपासून असंच माणूस हवं होतं."

आणि मला खुर्ची मिळाली, शेवटच्या रांगेत, पंख्याखाली. माझं काम एवढंच की मुलांचा प्रसंग चालू असताना जे खोटं वाटेल तिथे हात वर करायचा. बोलायचं नाही. कारण सांगायचं नाही. हात वर झाला की ज्याचा तो प्रसंग असेल त्याने तिथूनच पुन्हा करायचं. सुरुवातीला मला वाटलं, हिने मला गप्प बसवायची युक्ती काढली. तशी ती होतीही. पण वर्गाच्या बाबतीत तू एवढी लबाड होतीस की तुझी एक युक्ती दोन कामं करायची. मुलं म्हणायला लागली, "सावंत टीचरचा हात नाही आला! सीन पास!" गणितात माझ्याकडून शाबासकी न मिळालेली पोरं तिथे माझा हात खाली राहावा म्हणून जीव टाकायची.

दाराचा खेळ आठवतो? नसलेलं दार उघडून आत यायचं, आणि बघणाऱ्यांनी ओळखायचं की घर कोणाचं. ओंकार नुसता चालतच आत आला. मी हात वर केला. तो वैतागला. "टीचर, आमचं दार दिवसा उघडंच असतं. पडदा आहे फक्त." मी काही बोलणार तेवढ्यात तू म्हणालीस, "मग पडदा बाजूला कर." त्याने पालथ्या हाताने पडदा सारला, मान थोडी वाकवली, आणि आत आल्यावर टाचा उचलून चालायला लागला. घरात कोणीतरी रात्रपाळी करून झोपलंय हे कोणाला सांगावं लागलं नाही. त्याच्यानंतर आली ती जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधली मुलगी. तिने बेल दाबली आणि वर बघत उभी राहिली. तू विचारलंस, कोणाकडे बघतेस? "कॅमेऱ्याकडे. मम्मी आधी बघते कोण आलंय, मग उघडते." ती आई मला न भेटताच आवडली होती.

तुझ्या बऱ्याच गोष्टींवर माझा आक्षेप होता आणि अजून आहे. वर्ग सुरू झाला की तू आधी बाक वाजवून त्यांना नाचवायचीस आणि मध्येच थांबवायचीस. जो जिथे असेल तिथे पुतळा. मी म्हणायचे, यात नाटक कुठे आहे? तू म्हणायचीस, लालबागच्या पोरांना नाचायला शिकवावं लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं. तुला दहा उत्तरं तयार असायची. कोणाला तू 'आता तुझा नंबर' म्हणायची नाहीस. ज्याला यायचं तो येईल, ज्याला नाही यायचं त्याने पडदा ओढावा, दिवे सांभाळावेत, नाहीतर माझ्या बाजूला बसून नुसतं बघावं. मी म्हटलं, अशाने पोरं सोकावतात. त्यातला एक माझ्या बाजूला बसून बसून एक दिवस माझ्याआधी हात वर करायला लागला, आणि मग चिडून स्वतःच उठला, 'थांबा, मी करून दाखवतो' म्हणून. तू माझ्याकडे बघितलंदेखील नाहीस. तेव्हा बघितलं असतंस तर मी उठून गेले असते.

आणि तू स्वतः कधी करून दाखवायची नाहीस. हा मला सगळ्यात मोठा कामचुकारपणा वाटायचा. मी फळ्यावर गणित सोडवून दाखवते, तू का नाही? तर म्हणे, मी दाखवलं की ती माझी नक्कल करतील आणि हॉलमध्ये वीस उज्ज्वला होतील. एक पुरे आहे. एकच शब्द द्यायचीस, 'आलीस?' आणि सांगायचीस, शब्द बदलायचा नाही, तुम्हाला समोरच्याकडून काय हवंय ते बदला. मग तोच शब्द कधी उशिरा आलेल्या मुलीला आई विचारायची, कधी उधारी मागायला आलेली शेजारीण, कधी दवाखान्यातून परतलेल्या बहिणीला भाऊ. मी घरी येऊन स्वयंपाक करताना तो शब्द म्हणून बघायचे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तरी चालेल.

ओंकारचा आवाज फुटला त्या वर्षी तो तोंडच उघडेना. मी त्याला म्हटलं, अरे लाजतोस काय मुलीसारखा. तू मला नंतर जिन्यात धरलंस. या वयाच्या पोराला लाजू नको म्हटलं की तो दुप्पट लाजतो, त्याच्या हाताला काम द्यायचं, तोंड आपोआप खरं बोलायला लागतं. या वयाच्या पोरांवर त्यांना पेलणार नाही ते लादू नये, हेही वर ऐकवलंस. पुढच्या शनिवारी तू भायखळ्याच्या मार्केटमधून आणलेली मटारची पिशवी त्याच्या पुढ्यात ओतलीस. सोलता सोलता तो भावाशी भांडण्याचा प्रसंग असा काही बोलला की फुटलेला आवाज कोणाच्या लक्षातही आला नाही. तू घरची भाजी फुकटात निवडून घेतेस असा मला दाट संशय होता आणि तो मी बोलून दाखवला. "हो मग," तू म्हणालीस, "पावभाजीचा बेत आहे. येतेस का?" मी आले, आणि दोनदा वाढून घेतलं.

साक्षीच्या प्रसंगाला हात वर केला तो दिवस तर ती अजून विसरली नसेल. वडिलांची नोकरी गेल्याची बातमी घरात येते असा प्रसंग होता. ती धाय मोकलून रडली. मी हात वर केला. "टीचर, खरं पाणी आलंय बघा डोळ्यांत!" मी नियम मोडून बोलले, "पाणी खरं असेल, रडणं खोटं आहे." साक्षी हमसायला लागली. आता हे मात्र अगदी खरं रडणं होतं, आणि मी घाबरले. तू तिच्याजवळ गेलीस, पण तिला गोंजारलं नाहीस. विचारलंस, "आत्ता काय करतेयस?" ती म्हणाली, "थांबवायला बघतेय." "मग तेच कर प्रसंगात. रडू आलेलं माणूस रडायच्या मागे नसतं, ते आवरायच्या मागे असतं. तू आवर. नाही आवरलं तर आम्हाला दिसेलच." तिने दोरीवरचे नसलेले कपडे काढले, एकेक घडी केली, वडिलांच्या शर्टावर थोडा जास्त वेळ इस्त्रीसारखा हात फिरवला. मी हात वर केला नाही. बाहेर मसाल्याच्या मिरच्या कुटण्याचे दिवस होते, खिडकीतून सगळा खकाणा आत येत होता, त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आपलं मोठं भांडण वेगळंच होतं. मी म्हणायचे, नाटक म्हणजे तिकीट लावून बोललेलं खोटं. तू म्हणायचीस, खोटं बोलणारा तुला आत ढकलतो आणि स्वतः बाहेर उभा राहतो. नट स्वतः आधी आत जातो. मी म्हणायचे, म्हणजे फसतो तो फसतोच, फक्त सोबत मिळते. कोलंबीच्या डब्यावर, पेपर तपासताना, चिंचपोकळी स्टेशनकडे चालताना, हे भांडण आपण कितीदा सोडलं आणि पुन्हा धरलं. मला वाटायचं निवृत्त झाल्यावर सावकाश निकाली काढू. तू मात्र शेवटी प्रात्यक्षिकच करून दाखवलंस. कधी करून न दाखवणारी बाई.

बरं, मला काहीच दिसलं नाही का? उज्ज्वला, याचंच तर मला दुःख आहे. मला सगळं दिसलं होतं. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती.

अनवाणी हॉलभर फिरणारी तू दिवाळीनंतर खुर्चीत बसून वर्ग घ्यायला लागलीस. मी म्हटलं, हिला आता मोठेपणा चढला. ओंकार तुझ्याआधी येऊन खुर्ची मांडून ठेवायचा, मुली तुझी पिशवी जिन्यातूनच हातातून घ्यायच्या. मी म्हटलं, मुख्य भूमिकेसाठी लोणी लावणं चाललंय, आणि हे मी तुला स्टाफरूममध्ये ऐकवलं. तू "असेलही" म्हणालीस. मी हॉलमध्ये पाऊल टाकलं की पोरांची कुजबूज थांबायची आणि सगळे एकदम मोठ्याने बोलायला लागायचे. मी म्हटलं, नक्की मोबाइल आणलेत, रील बनवतायत. सगळ्यांची दप्तरं तपासली. एकही मोबाइल निघाला नाही, तेव्हा तर माझा संशय आणखी वाढला.

मग तुझी ती भायखळ्याची मावशी. मधल्या सुट्टीनंतर तू अधूनमधून तिच्याकडे जायला लागलीस. तुला भायखळ्याला मावशी नाही हे मला ठाऊक होतं. मी हिशेब मांडला की वरळीच्या त्या काचेच्या इमारतीतल्या महागड्या शाळेत तुझ्या मुलाखती चालल्या आहेत. "आज तू घे वर्ग, मी बसते," असं तू वारंवार म्हणायला लागलीस तेव्हा तर माझी खात्रीच पटली. ही जाणार, आणि जाता जाता ही पोरं माझ्या गळ्यात मारणार. मी रागाने वर्ग घेतला. त्या रागात तुझ्यासारखंच बाक वाजवून पोरांना नाचवलं आणि थांबवलं, आणि ती थांबली. तू खुर्चीत डोळे मिटून बसली होतीस. मी मनात म्हटलं, झोपा काढतेय.

आणि भात. तू डब्यात भात आणायचा सोडलास. "डाएट," म्हणालीस, "भाचीच्या लग्नात फोटो चांगले यायला हवेत." दोन पोळ्यांतली एक परत जायची. साडी खांद्यावरून ओघळायची. मी, भात न खाता ज्या घरात कोणी झोपलेलं नाही त्या घरातली मी, मला हे पटलं! तुला कढी-भात किती आवडायचा ते माहीत असून पटलं. मी तुला म्हटलं, "या वयात कसली गं थेरं?" आणि तू खदाखदा हसलीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा माझा संशय वरळीपर्यंत जाऊन आला आणि समोरच्या डब्यात बघायचं राहून गेलं.

काल शनिवार होता. मोठ्या बाईंनी मला सांगितलं होतं, नवीन शिक्षक मिळेपर्यंत नाटकाचा वर्ग बंद, मुलांना तसं कळवा. नोटीस लावून भागलं असतं. तरी मी वर गेले, कुलूप नीट लागलंय का बघायला. तर हॉल उघडा. बाक बाजूला रचलेले, आणि सगळा वर्ग भिंतीला टेकून बसलेला.

"कोणी बोलावलं तुम्हाला?" मी विचारलं.

सगळ्यांनी साक्षीकडे बघितलं. मग साक्षी उठली. "टीचर, आम्हाला तुमच्याशी बोलायचंय. आधी प्रॉमिस करा, ओरडणार नाही."

"मी असलं काही देत नाही. बोल."

तिने ओंकारकडे बघितलं. तो म्हणाला, "बोल ना तू, लोड नको घेऊ."

"टीचर, आम्हाला माहीत होतं. उज्ज्वला टीचरचं." तिचे हात ओढणीची टोकं गुंडाळत होते. "माझी मम्मी परळला हॉस्पिटलमध्ये आया आहे ना, तिने टीचरना तिकडे लाइनमध्ये बघितलं. मग मी डायरेक्ट विचारलं त्यांना. त्या खोटं नाही बोलल्या. पहिले मला एकटीलाच माहीत होतं, मग ह्याला सांगितलं, आणि ह्याच्या पोटात काही राहत नाही, मग सगळ्यांनाच."

मी पंख्याखालच्या माझ्या खुर्चीत बसले.

"आणि मला सांगायचं नाही असं कोणी ठरवलं?"

"त्यांनीच. आम्ही बोललो त्यांना, सावंत टीचरना सांगूया ना, त्या तुमच्या बेस्ट फ्रेंड आहेत." साक्षीने ओढणीची टोकं सोडून दिली. "तर त्या बोलल्या, नको. बोलल्या, घरी आता माझ्याशी कोणी भांडत नाही. मिस्टर भांडत नाहीत, मुलगा भांडत नाही, सासूबाईपण गोड बोलतात. सगळे माझ्याकडे असं बघतात जसं मी आत्ताच गेलेय. एक सावंतच आहे, ती अजून माझ्यावर संशय घेते, अजून मला टोचून बोलते. तिला कळलं ना, तर तीपण माझ्याशी चांगली वागायला लागेल. तेवढं माझं राहू दे."

पंखा चालू होता. खाली रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होता. मला त्या मुलीकडे बघवत नव्हतं.

"टीचर, आम्ही फुल टेन्शनमध्ये असायचो," ओंकार म्हणाला. "तुम्ही दप्तरं चेक केली त्या दिवशी तर वाटलं, गेम ओव्हर. तुमच्यासमोर ॲक्टिंग करणं म्हणजे..."

"रडू नाही आलं तुम्हाला?" मी विचारलं.

"यायचं ना," साक्षी म्हणाली. "घरी जाऊन रडायचो. इथे नाही."

उज्ज्वला, घरी आल्यापासून मी साक्षीने सांगितलेलं तुझं ते बोलणं तपासते आहे. पोरीने मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल का? तुझ्या हाताखाली तयार झालेली आहे, रचू शकेल. पण 'तेवढं माझं राहू दे' हे तिचं वाक्य नाही. ते तुझंच आहे. मग मी मागे जाऊन प्रत्येक दिवस पुन्हा बघितला. मी 'कसली थेरं' म्हटलं तेव्हाचं तुझं हसणं. 'लोणी लावतायत' म्हटलं तेव्हाचं 'असेलही'. मी तुझ्यावर डाफरत होते आणि तू त्या डाफरण्यावर जगत होतीस. विश्वास नव्हता असं कसं म्हणू? इतका विश्वास माझ्या स्वभावावर माझ्या आईचाही नव्हता. लोकांनी जन्मभर ज्याला खोड म्हटलं, त्याच्यापाशी तू बसायला येत होतीस. यासाठी तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. कोणी शिकवलेलं नाही.

पण एक सांगते. हे तू बरोबर केलं नाहीस. माझ्यापासून लपवलंस ते सोड, ते मी गिळेन. पोरं आहेत ती, पंधरा वर्षांची. आपल्या बाई मरणार आहेत हे आत ठेवून त्यांनी दर शनिवारी माझ्यासमोर नाचायचं, हसायचं, आणि जिना उतरून घरी जाऊन उशीत तोंड खुपसायचं? 'या वयाच्या पोरांवर त्यांना पेलणार नाही ते लादू नये' असं मला जिन्यात ऐकवणारी तूच ना? तू म्हणशील त्यांना पेललं. पेललं, ते मी काल डोळ्यांनी बघितलं. पण पेललं म्हणून द्यायचं का? आणि त्यांच्याऐवजी मला दिलं असतंस तर मी तुझ्याशी चांगली वागले असते असं तुला कोणी सांगितलं? मी नसते वागले गं. शप्पथ सांगते, मी आणखी भांडले असते. डॉक्टरवर संशय घेतला असता, गोळ्या उलटून बघितल्या असत्या, तुझ्या डब्यातली उरलेली पोळी तुझ्या तोंडात कोंबली असती.

आता गप्प बसू नकोस. मी चुकीचं बोलतेय का ते सांग. एरवी तुला दहा उत्तरं तयार असायची.

बोल ना, उज्जू.